हुकमाची लस

दिवाळीचे आकाशकंदील अजून गच्च्यांवरून उतरले नव्हते अशा वेळी, 2021च्या नोव्हेंबर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांच्या कचेरीतून एक हुकूम जारी झाला. ज्याने करोनाच्या लसीची निदान एक मात्रा घेतलेली नाही त्याला पंपावर पेट्रोल, एजन्सीकडून गॅसचे सिलिंडर आणि रास्त भावाच्या दुकानातून धान्य मिळू नये, अशी तजवीज त्या हुकमाने केली. अजिंठा, वेरूळ किंवा बीबी का मकबरा पाहावयास येणाऱ्या प्रवाशालाही लसीचा दाखला दाखविल्याखेरीज आत पाऊल टाकता येणार नव्हते. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा अशी दोन शस्त्रे हुकमाच्या पाठीशी होती. पंपावर नळी हातात घेऊन उभा असलेला पोरगा, ज्याला कालपर्यंत फक्त ‘कितीचं टाकू?’ एवढेच विचारणे ठाऊक होते, तो रातोरात आरोग्यखात्याचा तपासनीस बनला.

या कडकपणाला कारण नव्हते असे नाही. नोव्हेंबरच्या 3 तारखेला पंतप्रधानांनी देशातील लसीकरणात मागे पडलेल्या जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांशी दूरदृश्य प्रणालीवरून बैठक घेतली होती, आणि त्या यादीत औरंगाबादचे नाव होते. राज्यात पात्र लोकांपैकी सुमारे 74 टक्क्यांनी पहिली मात्रा घेतलेली असताना या जिल्ह्याचा आकडा 55 टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता, आणि 36 जिल्ह्यांच्या क्रमवारीत त्याचे स्थान 26वे होते. ज्या शहरात घाटीसारखे 1956 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, ज्या रुग्णालयाच्या पायऱ्या साऱ्या मराठवाड्यातील आजारी माणूस चढतो, जेथे विद्यापीठ आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, त्या शहराच्या जिल्ह्याने या यादीत तळाशी जावे याचे आश्चर्य पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांना वाटले. येथे राहणाऱ्याला तितकेसे वाटण्याचे कारण नव्हते.

वास्तविक त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत चित्र नेमके उलट होते. देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी सुरू झाले. आधी आरोग्यसेवक, मग आघाडीवरचे कर्मचारी, 1 मार्चपासून साठीच्या पुढचे व पंचेचाळिशीपुढील व्याधिग्रस्त, 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे सर्व, आणि 1 मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, असा तो क्रम होता. दुसरी लाट तेव्हा ऐन भरात होती. माणसे पहाटेपासून केंद्रांसमोर रांगा लावीत, आणि दुपारी ‘आज लस संपली’ ही पाटी वाचून परत जात. लसीच्या नोंदणीसाठी असलेल्या कोविन संकेतस्थळावर ज्याचे बोट चपळ त्याला वेळ मिळे. शहरातला तरुण मोबाइलवर खेड्यातले केंद्र पटकावून मोटारीने तेथे जाई, आणि त्या खेड्यातला म्हातारा ओट्यावर बसून आलेल्या मोटारी मोजी. ज्या काळात भीती होती, इच्छा होती, त्या काळात कुपी नव्हती. सप्टेंबर-ऑक्टोबरात कुप्या आल्या, परंतु तोपर्यंत लाट ओसरली होती, भीती ओसरली होती, आणि मे महिन्यात उन्हात उभे राहून परतलेल्या माणसाचा उत्साहही ओसरला होता. आता सरकारला माणूस हवा होता, आणि माणूस कापूस वेचायला गेला होता.

हे शेवटचे वाक्य अलंकारिक नव्हे. मराठवाड्यात दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी असते. त्याच सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावे रिकामी करून निघून जातात. वेचणी किलोवर, तोड टनावर. लस घेतली की एकदोन दिवस अंग मोडून येते, ताप भरतो, दंड दुखतो, हे डॉक्टर सांगत, आणि ‘त्यात घाबरण्यासारखे काही नाही’ असेही सांगत. पैठण किंवा सिल्लोड तालुक्यातल्या बाईचा प्रश्न घाबरण्याचा नव्हताच. तिचा प्रश्न साधा होता: ‘ताई, दोन दिवस पडून राहिले तर माझा रोज कोण देणार?’ हा प्रश्न तिने आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, विचारला, कारण विचारण्यासारखे दुसरे कोणी तिच्या दारापर्यंत आलेच नव्हते. आशाताईजवळ त्याचे उत्तर नव्हते. कोणत्याही परिपत्रकात ते दिलेले नव्हते.

केंद्रावरची व्यवहारी अडचणही लहान नव्हती. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा. कुपी एकदा फोडली की चार तासांच्या आत संपवावयाची, नाही तर टाकून द्यावयाची. उपकेंद्रावर तीन माणसे आली तर परिचारिकेने काय करावे? कुपी फोडली तर सात मात्रा वाया गेल्याचा जाब द्यावा लागतो; न फोडली तर त्या तिघांना ‘थांबा, आणखी सात जण येऊ द्या’ म्हणावे लागते. तिघे तासभर थांबतात, आणि शेतात काम पडले आहे म्हणून निघून जातात. पुन्हा ते येत नाहीत. त्यांची गणना मग ‘लसीबाबत उदासीन’ या रकान्यात होते.

अफवा होत्याच. लस घेतल्याने मूल होत नाही, लस घेतल्याने दोन वर्षांत माणूस मरतो, लसीत अमुक जनावराचा अंश आहे, अशा बातम्या मोबाइलवरून या घरातून त्या घरात फिरत होत्या. जुन्या शहराच्या मुस्लिम वस्त्यांकडे बोट दाखविण्याची सोयीस्कर सवय अनेकांना होती. त्या वेळचे आरोग्यमंत्री आणि शेजारच्या जालना जिल्ह्याचे राजेश टोपे यांनी तर लोकांचे मन वळविण्यासाठी सलमान खान याची मदत घेण्याचा मनोदयही जाहीर केला होता. परंतु शंका ही कोणत्या एका मोहल्ल्याची मालमत्ता नव्हती. सिडकोतील सुशिक्षित निवृत्त गृहस्थही ‘आणखी थोडे थांबून पाहू’ असेच म्हणत होते. फरक एवढाच, की त्यांच्या थांबण्याला विवेक म्हणत आणि किराडपुऱ्याच्या थांबण्याला अज्ञान.

सरकारने साथीच्या काळात माणसाच्या घरात आणि अंगात कुठवर हात घालावा, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1896-97च्या प्लेगात पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालील सोजीर घरोघर शिरले, देवघरे तुडविली गेली, माणसे ओढून विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली, आणि त्याचा शेवट 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली जाण्यात झाला. साथरोग कायदा, ज्याचा आधार 2021 साली घेतला गेला, तो त्याच 1897 सालचा. औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या मुलखात असल्याने रँडचा तडाखा या शहराला बसला नाही. पण त्याच वर्षीच्या जानेवारीच्या 10 तारखेला मुंबईत वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली, आणि मग ती इतरांस द्यावयास निघाला, ही हकीकत रँडच्या हकीकतीइतकी शालेय पुस्तकांत शिरलेली नाही. मार्च महिन्यात पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एकाच शहरात, एकाच साथीत, अधिकाराचे एक रूप आणि सेवेचे दुसरे, अशी दोन्ही रूपे दिसली. औरंगाबादच्या हुकमाला रँडच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल, कारण येथे कोणाच्या घरात कोणी शिरले नव्हते आणि हेतू लोकांचे प्राण वाचविण्याचाच होता. तरी शिधा अडविणे हे पेट्रोल अडविण्याहून निराळे आहे, एवढा भेद हुकूम लिहिणाऱ्याच्या लेखणीने करावयास हवा होता, असे माझे मत आहे. मोटारवाल्याचे एक दिवस अडले तर तो रिक्षाने जातो. रेशनच्या गव्हावर महिना काढणाऱ्याला असा दुसरा रस्ता नसतो.

हुकमाने केंद्रांवर गर्दी वाढली, हे मान्य केले पाहिजे. त्याच सुमारास सुरू झालेल्या ‘हर घर दस्तक’ मोहिमेने आणि त्याआधी ऑक्टोबरात राज्यभर राबविलेल्या ‘मिशन कवच कुंडल’नेही त्यात भर घातली. परंतु लसीऐवजी केवळ लसीचा दाखला हवा असणारा एक वर्गही हुकमाने जन्माला घातला, आणि बनावट प्रमाणपत्रांचे प्रकार शहरात उघडकीस आले. पुढे 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले, की कोणत्याही व्यक्तीला लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हा राज्यघटनेच्या 21व्या अनुच्छेदातच अंतर्भूत आहे. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, परंतु ते प्रमाणशीर असले पाहिजेत. त्याच निकालात न्यायालयाने सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी ठरविले नाही, आणि लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवण्यासही सांगितले. निकालाचा पहिला भाग लसविरोधकांनी आणि दुसरा सरकारने उचलला. तिसरा, म्हणजे माहिती लोकांसमोर ठेवण्याचा, कोणीच फारसा उचलला नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच मुद्द्याचा होता. कारण हुकमाने दंड पुढे करून घेता येतो, पण ज्या प्रश्नांची उत्तरे त्या वेळी दिली नाहीत ते प्रश्न आजही, इतक्या वर्षांनी, गुलमंडीवर चहा पिताना आणि घाटीच्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसून माणसे एकमेकांना विचारीत असतात.

त्यातला पहिला प्रश्न असा: ‘लस घेऊनही करोना झालाच ना? मग उपयोग काय?’ 2022च्या जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा दोन्ही मात्रा घेतलेले लोक घराघरांतून खोकू लागले, आणि या प्रश्नाला धार आली. उत्तरासाठी लसीचे काम थोडे समजून घ्यावे लागते. आपल्याकडे मुख्यतः दोन लसी दिल्या गेल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझीत आढळणारा, माणसात वाढू न शकणारा असा एक सौम्य विषाणू करोनाच्या काट्याचा नमुना घेऊन शरीरात जातो. हैदराबादच्या भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने वेगळा काढलेला करोनाचा विषाणू मारून घातलेला असतो. दोन्हींचे प्रयोजन एकच: शरीराच्या रक्षकांना शत्रूची ओळख करून देणे. ही ओळख दोन ठिकाणी राहते. एक रक्तात आणि नाकाघशाच्या अस्तरात फिरणाऱ्या प्रतिपिंडांत, जी काही महिन्यांत विरळ होत जातात. दुसरी अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत वसलेल्या स्मृतिपेशींत, ज्या दीर्घकाळ टिकतात. या शहराला दरवाजांचे शहर म्हणतात, म्हणून त्याच भाषेत सांगतो: भडकल दरवाजावरचा पहारा काही महिन्यांनी पेंगू लागतो आणि शत्रू आत येतो, परंतु किल्ल्यातली शिबंदी जागी असते, आणि तो वाड्यापर्यंत पोचण्याआधीच ती त्याला गाठते. संसर्ग होतो, फुप्फुस सहसा वाचते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या गणिती अंदाजानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात एकट्या भारतात सुमारे 42 लाख मृत्यू टळले. अंदाज तो अंदाजच. त्यात इकडेतिकडे होईल. तरी ओमायक्रॉनच्या महिन्यात घाटीतील प्राणवायूच्या खाटांसाठी आदल्या एप्रिलसारखी धावाधाव झाली नाही, हे ज्यांनी दोन्ही महिने पाहिले त्यांना गणिताशिवायही कळले.

दुसरा प्रश्न विश्वासाचा होता: ‘सल्ला सारखा बदलतो कसा?’ कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर आधी चार ते सहा आठवडे होते. मार्च 2021मध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि मेमध्ये बारा ते सोळा. लोक म्हणाले, लस नाही म्हणून अंतर वाढविले. लोकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, आणि सरकारचेही खोटे नव्हते. अंतर वाढविल्याने परिणाम अधिक चांगला मिळतो असा पुरावा परदेशातून आलेला होता, आणि लसीचा तुटवडाही होता. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या असत्या तर बिघडले नसते. तीच गत हवेची. मार्च 2020मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले. लोकांनी त्यावर विश्वास ठेवून भाजी सोडियम बायकार्बोनेटच्या पाण्यात धुतली, रस्त्यांवर हायपोक्लोराइटचे फवारे मारले, आणि त्याच वेळी खिडक्या लावून एकाच खोलीत दहा माणसे जेवत राहिली. पुढे संघटनेनेच मान्य केले, की बंद जागेत, विशेषतः जेथे हवा खेळत नाही तेथे, विषाणू हवेतील सूक्ष्म कणांवर तरंगत राहतो. शास्त्र हे चुकत आणि सुधारत पुढे जाते, ही गोष्ट प्रयोगशाळेतील माणसाला इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती सामान्य माणसाला समजावून सांगावी लागते याचे त्याला भानच राहत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत जड आहे, आणि तो हलक्या आवाजात विचारला जातो: ‘लसीने हृदयविकाराचे झटके येतात का?’ तरुण माणूस लग्नात नाचताना कोसळतो, व्यायामशाळेत कोसळतो, त्याची चित्रफीत गावभर होते, आणि खाली कोणीतरी लिहितो, ‘लसीचा परिणाम’. 2024च्या एप्रिलअखेरीस बातमी आली, की अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात आपल्या लसीने क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मान्य केले आहे. मे महिन्यात त्या कंपनीने ही लस बाजारातून काढून घेतली, आणि कोविशील्ड तीच लस असल्याने घराघरांत धसका बसला. येथे सत्य पूर्ण सांगितले पाहिजे. रक्तात गुठळ्या होणे आणि त्याबरोबरच रक्तातील बिंबिका कमी होणे, असा हा विकार खरा आहे. तो 2021च्या वसंतातच युरोपात ओळखला गेला होता, 2024 साली उघडकीस आलेले ते गुपित नव्हते. भारतातील दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने मे 2021मध्ये त्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे 0.61 इतके नोंदविले. ब्रिटनमध्ये त्या वेळी ते दहा लाखांमागे चारच्या आसपास होते. हा विकार होतो तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि तोही बहुधा पहिल्या मात्रेनंतर. लस घेऊन वर्षे लोटलेल्या माणसाने त्याची धास्ती घेऊन रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने सुरू करणे, जसे त्या मे महिन्यात काहींनी केले, हा मात्र खराखुरा धोका आहे.

अचानक होणाऱ्या मृत्यूंविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातील 47 रुग्णालयांतून अभ्यास केला. ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात 18 ते 45 वयाची, वरकरणी निरोगी, अशी जी माणसे अकस्मात मरण पावली त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातील जिवंत माणसांशी केली गेली. लसीने धोका वाढल्याचे आढळले नाही; उलट ज्यांनी दोन मात्रा घेतल्या होत्या त्यांच्यात अशा मृत्यूची शक्यता कमी दिसली. धोका वाढविणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: करोनामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले असणे, कुटुंबात पूर्वी असा आकस्मिक मृत्यू झालेला असणे, मृत्यूपूर्वीच्या दोन दिवसांत बेसुमार मद्यपान, नशा किंवा अतिश्रम. येथे एक तर्कदोष लक्षात घेण्याजोगा आहे. देशात 220 कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. म्हणजे आज जो प्रौढ माणूस कोणत्याही कारणाने मरतो त्याने बहुतेक लस घेतलेलीच असते, जशी त्याने बहुतेक शाळाही पाहिलेली असते. ‘त्याने लस घेतली होती’ हे खरे असूनही त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

खेदाची गोष्ट ही, की लसीच्या दूरगामी परिणामांविषयी इतके बोलले गेले, पण रोगाच्या दूरगामी परिणामांविषयी, जे कितीतरी अधिक प्रमाणात आणि कितीतरी अधिक निश्चितपणे आढळतात, फारच थोडे. त्यातला एक परिणाम तरी या शहराने डोळ्यांनी पाहिला. 2021च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्या रोगाचे, रुग्ण मराठवाड्याच्या सर्व बाजूंनी येथे येऊ लागले. करोनाने आणि त्यावर दिलेल्या स्टेरॉइडने रक्तातील साखर चढलेली, प्रतिकारशक्ती खचलेली, अशा शरीरात ही बुरशी नाकाच्या पोकळीतून वरच्या जबड्यात, डोळ्यात, कधी मेंदूत शिरे. अ‍ॅम्फोटेरिसिन इंजेक्शनसाठी नातेवाईक शहर पालथे घालीत. प्राण वाचविण्यासाठी कित्येकांचा डोळा किंवा टाळूसकट वरचा जबडा काढावा लागला. साथ संपली असे आपण म्हणतो, पण त्या माणसांना कृत्रिम टाळू बसविल्याखेरीज आजही पाण्याचा घोट नाकावाटे बाहेर येतो, बोललेले शब्द समोरच्याला उमगत नाहीत.

दुसरा परिणाम दिसत नाही, म्हणून तो अधिक छळतो. त्याला दीर्घ कोविड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021मध्ये केलेल्या व्याख्येनुसार करोना झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या सुमारास असलेली, निदान दोन महिने टिकलेली, आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे हा विकार. थकवा, धाप, आणि विचारांवर साचलेले धुके ही त्यातली मुख्य. संघटनेच्या अंदाजाने करोना झालेल्या शंभरांपैकी सहा जणांना तो होतो. सहा हा आकडा लहान वाटतो. ज्या देशात करोना जवळपास प्रत्येक घरात जाऊन आला तेथे तो लहान राहत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर 2021मध्ये या विकारांसंबंधी विस्तृत मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, परंतु तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या, समोर साठ रुग्ण उभे असलेल्या डॉक्टरला त्या वाचण्यास सवड कोठून मिळावी?

वाळूजच्या कारखान्यात उभ्याने काम करणारा कामगार सांगतो, की पाळी संपेपर्यंत मी रेटतो, पण दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. त्याची छातीची क्ष-किरण तपासणी ठीक येते, रक्त ठीक येते, आणि डॉक्टर म्हणतात, ‘काही झालेले नाही, मनातून काढून टाका.’ घरचेही तेच म्हणू लागतात. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी प्रकृती ढासळणे हेच या विकाराचे एक ठळक चिन्ह आहे, आणि म्हणून ‘व्यायाम करा, अंग मोकळे होईल’ हा आपला पिढीजात सल्ला येथे उलटतो. अशा माणसाने शक्ती शिल्लक असतानाच थांबावे, कामाचे तुकडे पाडावेत, मधे विश्रांती घ्यावी, आणि आठवड्या-आठवड्याने, त्रास वाढत नाही हे पाहूनच, श्रम वाढवावेत. छातीत दुखणे, उभे राहताच हृदयाची धडधड होणे, जिना चढताना पूर्वी न लागणारी धाप लागणे, ही लक्षणे मात्र ‘करोनानंतरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नयेत; त्यांची तपासणी झालीच पाहिजे. ज्याला करोना झाला त्याने रक्तदाब आणि आपल्याकडे जिला ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात ती चाचणी करून घ्यावी, कारण करोनानंतर नव्याने मधुमेह उद्भवल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत आणि मराठवाड्यात मधुमेह बहुधा जखम चिघळेपर्यंत कळत नाही. लस घेतलेल्या माणसाला दीर्घ कोविड होण्याची शक्यता कमी असते असे बहुतेक अभ्यास सांगतात. अजिबात होत नाही, असे कोणताही सांगत नाही.

संरक्षणाच्या बाकीच्या उपायांत हात धुण्याचे स्थान अजून आहे, जरी ज्या शहराच्या नळाला जायकवाडीचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते आणि लोक ते टाक्यांत व पिंपांत साठवून पुरवून वापरतात त्या शहराला वाहत्या नळाखाली वीस सेकंद हात धुण्याचा उपदेश करणाऱ्या जाहिरातींचे मला नेहमीच कौतुक वाटत आले. हवा मात्र फुकट आहे. खिडक्या समोरासमोर उघडणे, पंखा खोलीतील हवा बाहेर ढकलील असा लावणे, खोकणाऱ्या माणसाने वेगळ्या खोलीत निजणे आणि वेगळी खोली नसल्यास त्याने व शुश्रूषा करणाऱ्याने नाकावर घट्ट बसणारा एन-95 मास्क वापरणे, एवढे केले तरी करोनाच काय, फ्लू आणि क्षयाचाही प्रसार कमी होतो. हनुवटीवर उतरविलेला मास्क हा दंड चुकविण्याच्या काळातला प्रकार. तो आता विसरावा.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, विषाणू संपल्याचे नव्हे. डिसेंबर 2023मध्ये जेएन.1 हा उपप्रकार आला, 2025च्या मे-जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले, आणि दोन्ही वेळा बहुतेकांना सर्दीतापावर निभावले. पुढच्या वेळीही तरुण, निरोगी माणसाचे तसेच निभावण्याची शक्यता मोठी आहे. सावध राहावयाचे ते सत्तरी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी, कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि रुग्णांत वावरणाऱ्या परिचारिका-डॉक्टरांनी. वर्धक मात्रेचा विचार याच लोकांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा, आणि ताप आल्यास तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. ज्यांचा आजार जाऊनही गेलेला नाही, त्यांनी दवाखान्यात जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: करोना कधी झाला, लसीच्या मात्रा कोणत्या व कधी घेतल्या, आता नेमके काय होते आणि ते कशाने वाढते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्या तारखा केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा, कारण पुढच्या खेपेला समोर दुसराच डॉक्टर असण्याचा संभव असतो.